ल्युब्लियानात अंधार उशिरा पडतो

निघायच्या दिवशी मी गिरणीला कुलूप घालत होते, तेवढ्यात शेजारची शकू बाजरीचा डबा डोक्यावर घेऊन हजर! "काकू, तुमी इमानात बसून जाणार, आन् आमी तवर काय दाणं चघळायचं का?"

"बये, माझी पोरगी काय मला रोज रोज परदेशात बोलावतीय का? जा की आळेफाट्याच्या गिरणीत," असं मी तोंडानं म्हणाले खरी, पण हातानं कुलूप काढलं. पट्टा सुरू केला, तिची बाजरी दळून दिली. नव्या साडीवर पीठ उडालं, ते झटकत झटकतच गाडीत बसले. आमचे हे पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "लई भारी! तिकडच्या लोकांला वाटंल, भारतात बर्फ पडतोय."

तर अशी मी बोरी बुद्रुकची गिरणीवाली निघाले ल्युब्लियानाला. हे नाव नीट जिभेवर बसायलाच मला महिना लागला. स्लोव्हेनिया नावाच्या छोट्याशा देशाची ही राजधानी, इटलीच्या शेजारी. बेल्ह्याला माहेरी सांगायला गेले तर भाऊ म्हणाला, "ताई, लोक पॅरिसला जातात, लंडनला जातात. तू हे कुठलं काढलंस?" मी म्हटलं, "मी कुठलं काढतेय? पोरीनं काढलंय." आमची एकुलती एक प्राजक्ता तिथं औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. फोनवर तिचं एकच पालुपद असायचं. "आई, इथं नदीवर ड्रॅगनचा पूल आहे. कामावरून येताना मी तिथं थांबते, दिवे लागतात, आणि मला तुमची आठवण येते. तुम्ही आलात की आपण तिघं दिवे लागताना तिथं उभं राहायचं हं."

मी "हो हो" म्हणायचे आणि विषय बदलायचे. का ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढं मी जे काही उद्योग केले ते कुणाला कळायचे नाहीत.

मी भित्री बाई नाही. गिरणीच्या खडखडाटावर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी स्वयंपाकघरात बोलले तर रस्त्यावरचा माणूस "ओ" देतो. आमच्या भागात बिबट्याही काही नवलाचा नाही. अंधार पडला की माणसं मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून चालतात, काठी आपटतात, पोरांना मध्ये घेतात. आवाज झाला की तो बाजूला होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझे वडील मेंढरं राखायचे. शाळेतून ओढ्याच्या वाटेनं येताना पाढे ओरडत यायचं, हा त्यांचा नियम होता. वाट सरते, पाढे पाठ होतात आणि लांडग्यालाही कळतं की कुणीतरी येतंय.

एवढं सगळं शिकलेली मी, दीड वर्षापूर्वी तिन्हीसांजेला गिरणी बंद करून पिठाचा डबा कमरेवर घेऊन घराकडं निघाले. गिरणी रस्त्याकडेला, घर मागं, मध्ये अंगण आणि अंगणाला लागून ऊस. पाण्याच्या टाकीपाशी बिबट्या बसला होता. मी तोंड उघडलं आणि मला आवाजच फुटला नाही. नुसती हवासुद्धा बाहेर आली नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, मग कंटाळल्यासारखा उठला आणि उसात निघून गेला.

गावानं आपल्या मनानंच गोष्ट रचली, की गिरणीवाल्या काकूंनी अशी आरोळी ठोकली की बिबट्या शेपूट घालून पळाला! पोरीपर्यंतही तीच गेली. मीही ती खोडून काढली नाही. त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर मी उंबरा ओलांडलेला नाही. गिरणी पाचाला बंद. रानातून उशिरा येणाऱ्या बायका डबे घेऊन तशाच परत जातात. दोरीवरचे कपडे हे काढून आणतात, गोठ्यातला दिवा हे लावतात, आणि त्यावर एक अक्षर बोलत नाहीत. विमानात मात्र कानाशी लागून म्हणाले, "तिकडं बिबट्या न्हाई, बरं का." मी म्हटलं, "बिबट्या नसेल. अंधार तर असेल ना?"

इस्तंबूलला विमान बदलून उतरलो ते थेट हिरव्या कुरणात उतरल्यासारखं वाटलं. विमानतळ गावाबाहेर, समोर डोंगर, आणि जून असूनही त्यांच्या माथ्यावर पांढरं काहीतरी दिसत होतं. यांनी डोंगरांकडं ढुंकूनही बघितलं नाही. रस्त्याकडेच्या शेतात लाकडी मांडव होते, वर कौलारू छप्पर, आडव्या दांड्यांवर गवत वाळत टाकलेलं. प्राजक्ता म्हणाली, याला कोझोलेत्स (गवत वाळवायचा मांडव) म्हणतात. यांचा जीव तिथंच अडकला. "गवताला कौलारू घर! आपल्या म्हशी हिकडं असत्या तर वजन वाढून दारातनं बाहेर निघाल्या नसत्या," असं म्हणून यांनी सगळा रस्ता त्या मांडवांचे फोटो काढण्यात घालवला. देशाच्या राजधानीचा पहिला फोटो आमच्या मोबाइलमध्ये गवताचा आहे.

सकाळी शहर बघायला निघालो. शहर कसलं, मोठ्या मनाचं तालुक्याचं गाव म्हणा! मधोमध ल्युब्लियानित्सा नावाची हिरवट नदी आणि तिच्या दोन्ही काठांना खुर्च्या टाकून बसलेली माणसं. नदीवर एकाला लागून एक असे तीन पूल आहेत, नावच त्रोमोस्तोव्ये (तीन पुलांची जागा). मुख्य चौकात गाड्यांना बंदी. मी सवयीनं दर चार पावलांनी मागं वळून बघत होते, मोटारसायकल येते की काय म्हणून. प्राजक्ता हसत होती. "आई, कुणी हॉर्न वाजवणार नाही." खरंच वाजवला नाही. पहिल्यांदा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग बरं वाटलं.

पुलाच्या पलीकडं बाजार. इथं मात्र मी घरी आले. पालेभाज्या, चेरीचे ढीग, मधाच्या बाटल्या. एका कोपऱ्यात दुधाचं यंत्र होतं. नाणं टाका, बाटली धरा, दूध घ्या! हे तिथून हलेनात. रोज सकाळी डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभा राहणारा माणूस, त्यांनी दूध काढलं, एक घोट घेतला, डोळे मिटले. "फॅट बरं हाय," त्यांनी निकाल दिला. मी पिठाच्या ठेल्यापाशी गेले. राखाडी रंगाचं पीठ होतं, ऐदा (कुट्टूसारखं धान्य) नावाचं. मी चिमूट घेऊन अंगठ्याखाली फिरवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थोडं जाडंच काढलंय." ठेलेवालीला मराठी कुठलं यायला, पण तिनं माझी बोटं बघितली, आपणही चिमूट घेतली, तशीच फिरवली आणि मान डोलावली. तिच्या त्या मान डोलावण्यानं माझा दिवस सोन्याचा झाला.

जेवायला श्ट्रुक्ली (सारण भरलेली उकडलेली गुंडाळी) मागवली. पातळ लाटलेल्या पोळीवर सारण पसरून, गुंडाळून, कापडात उकडून तिचे तुकडे करतात. ताट समोर आलं आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो, "मासवडी!" फक्त आत तीळखोबऱ्याऐवजी गोडसर पनीर आणि रश्शाचा पत्ता नाही. हे म्हणाले, "पावणी चांगली हाय, पण रस्सा घरीच इसरून आली."

आता संध्याकाळचं ऐका. मी सहालाच घरी चलायचा धोशा लावला. घरी जाऊन भाकरी केल्या, जेवलो, भांडी घासली आणि खिडकीतून बघते तर बाहेर लख्ख ऊन! आठ वाजले तरी ऊन. साडेआठलाही मुलं खाली सायकली फिरवत होती. इथला सूर्य आमच्याकडच्या पाहुण्यासारखा, "निघतो, निघतो" म्हणतो आणि बूड हलवत नाही. मी पडदे ओढून घेतले. "पाय दुखतात गं," असं म्हणून आडवी झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय, तिसऱ्या दिवशी डोकं, चौथ्या दिवशी "आज पुरणपोळी करते". दर संध्याकाळी प्राजक्ता चपला घालून दाराशी उभी राहायची आणि मुकाट्यानं काढून ठेवायची. हे मध्ये पडायचे. "ऱ्हाऊ दे, दमलीय ती."

दिवसा मात्र मी कुणाला ऐकत नव्हते. गावाच्या मधोमध टेकडीवर किल्ला आहे, ल्युब्लियान्स्की ग्राद. वर जायला काचेची रेलगाडी. हे खाली उभे राहून म्हणाले, "शिवनेरीच्या पायथ्याची माणसं आमी. गड चढायचा तो पायानं." मग काय, चढलो पायानं! यांनी अर्ध्या वाटेत तीनदा बुटाची नाडी बांधली, म्हणजे दम खाल्ला. वर गेलो तर गडावर हॉटेल, बाग आणि चक्क एक लग्न लागलेलं! नवरी पांढऱ्या झग्यात तटावर उभी. हे हळहळले, "पाण्याचं टाकं कुठं दिसंना. वेढा पडला तर वऱ्हाड पाणी काय पिणार?" बुरुजावरून सगळं शहर लाल कौलांचं दिसत होतं. प्राजक्तानं बोट करून दाखवलं, "तो बघ, हिरवा ठिपका. तो माझा पूल." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, तुला माझं गाव आवडलं नाही का गं?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का? किती छान आहे." ती "हं" म्हणाली. ते "हं" माझ्या काळजाला लागलं. पोरगी एवढ्या लांब एकटी राहते, आपल्या आवडीची एक जागा दाखवायला बघतेय, आणि मी पडदे ओढून बसतेय. उतरताना यांनीही मला पहिल्यांदाच टोकलं. "परवा निघायचं हाय आपल्याला. बघ बाई." एवढंच म्हणाले.

शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी रोझनिक नावाच्या टेकडीवर गेलो. शहराला लागूनच मोठी बाग, बागेमागं दाट झाडीची टेकडी, माथ्यावर गुलाबी रंगाचं चर्च आणि एक खाणावळ. तिथं क्रोफी (जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड वडे) खाल्ले. यांच्या मिशांना पिठीसाखर लागली, तेव्हा मी म्हटलं, "आता कुणाच्या गावाला बर्फ पडतोय?" हसता हसता वेळ कसा गेला ते कळलं नाही. इथं नऊपर्यंत उजेड असतो, असा माझा हिशेब. पण त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, हे काही मी हिशेबात धरलं नव्हतं. उतरायला लागलो आणि झाडांखाली एकदम काळोखी दाटली.

माझे पाय जागच्या जागी रुतले. प्राजक्ता आपल्या नादात पुढं गेली होती, हे बऱ्याच मागं. आणि तिच्या उजव्या हाताच्या झुडपात खसफस झाली. वारा नव्हता. फांदी हलली, थांबली, पुन्हा हलली.

मी तोंड उघडलं. तेच झालं, हवासुद्धा नाही. टाकीपाशी उभी होते तशीच उभी. पण त्या दिवशी बिबट्यासमोर मी एकटीच होते. आज पुढं माझी पोर होती, आणि ती सरळ त्या झुडपाकडं चालली होती. पोटातून काहीतरी वर आलं आणि फुटलं.

"बे एके बे! बे दुणे चार! प्राजे, माघारी फीर! बे त्रिक सहा!"

अख्खी टेकडी हादरली. पळायला आलेला एक उंच माणूस कानातले इअरफोन काढून उभाच राहिला. मागून यांचा आवाज आला, "बे चोक आठ!" काठी नव्हती, म्हणून हे छत्री झाडावर आपटत पळत येत होते. प्राजक्ता धावत येऊन मला बिलगली. "आई, काय झालं? आई!" मी तिला आम्हा दोघांच्या मध्ये ओढलं. "बे पंचे दहा! तूही म्हण, मोठ्यानं!"

तेवढ्यात झुडपातून बिबट्या बाहेर आला. निळा स्कार्फ बांधलेला, हातात टोपली घेतलेला. माझ्याच वयाची, नाही, थोडी थोरलीच बाई होती. टोपलीत फिकट पिवळी फुलं. लिपा नावाच्या झाडाची ती फुलं चहात घालतात म्हणे, आणि खालची फांदी ओढायला ती झुडपात शिरली होती. तिनं आम्हा तिघांना बघितलं आणि घाबरायचं सोडून तिनं विचारलं, "मेद्वेद?"

"मेद्वेद म्हणजे अस्वल," प्राजक्ता धापा टाकत म्हणाली. तिला स्लोव्हेनियन बऱ्यापैकी येतं. तिनं त्या बाईला आमचा ऊस, आमचा बिबट्या आणि मोठ्यानं आवाज करत चालायची रीत सांगितली. मला वाटलं, आता ही बाई हसणार. ती हसली, पण कशी? आपलं माणूस भेटल्यासारखी! छातीवर हात ठेवून ती भडाभडा बोलायला लागली आणि प्राजक्ता मध्ये मध्ये सांगत गेली. तिचं नाव मारिया. माहेर दक्षिणेला, अस्वलांच्या रानात. तिथंही झाडीत शिरलं की बोलत, गात, डबा वाजवत जायचं, तिच्या आईनं तसंच शिकवलेलं. लग्न होऊन शहरात आली, इथं अस्वल नाही, तरी झाडांखाली गेली की तिचं तोंड चालूच. "सून म्हणते, सासूबाई एकट्याच बडबडतात," असं सांगून ती खदखदून हसली. आज फुलांच्या नादात गप्प राहिली, तर नेमकी मी भेटले!

मग तिनं विचारलं, तुम्ही ओरडत होता ते गाणं कुठलं? प्राजक्तानं सांगितलं, गाणं नाही, पाढा आहे. मारियानं टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी दिली, "द्वाक्रात द्वा ये श्तिरी!" म्हणजे बे दुणे चार!

झालं. उरलेली टेकडी आम्ही तशीच उतरलो. मारिया एक ओळ म्हणायची, मी माझी म्हणायचे, हे छत्रीनं ठेका धरायचे. काळोख चांगलाच दाटला होता आणि मी त्यात चालत होते. बागेत पोहोचलो तेव्हा माझा घसा बसला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मारियानं मूठभर फुलं माझ्या पदरात टाकली, दोन्ही गालांना गाल लावले आणि बडबडत आपल्या वाटेनं गेली.

प्राजक्तानं माझा हात सोडला नव्हता. "आई, तो बिबट्या तू ओरडून पळवलास ना?"

"नाही गं. तो आपला आपण गेला. मला आवाजच फुटला नव्हता. तेव्हापासून अंधारात बाहेर पडायची माझी छाती होत नाही. तुझं गाव मला लई आवडलंय, पोरी. मी फक्त भीत होते."

ती तिथंच रस्त्यात मला घट्ट मिठी मारून उभी राहिली. हे आभाळाकडं बघत उगीच छत्री उघडत मिटत होते. मग मीच म्हटलं, "चल, कुठं आहे तुझा पूल?"

झ्मायस्की मोस्त (ड्रॅगनचा पूल) म्हणजे नदीवरचा जुना पूल. चारही कोपऱ्यांना हिरवे, जबडा वासलेले, पंख पसरलेले ड्रॅगन. आम्ही पोहोचलो आणि दिवे लागले. पिवळा उजेड पाण्यात उतरला. काठावर कुणीतरी हसत होतं, वाऱ्याला पावसाचा वास होता, आणि मी उघड्यावर, तिन्हीसांजेला, पोरीच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. यांनी ड्रॅगनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पंखवाली घोरपड हाय नुसती." मी पुढं झाले आणि त्याच्या गार पंजावर हात ठेवला. म्हटलं, "तू बरा बाबा, एका जागी बसून असतोस." प्राजक्ता इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. घरी जायची घाई मी केली नाही, तीच म्हणाली, "आई, आता चल, पाऊस येतोय."

बोरीला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. बॅगा उतरवल्या, चहा झाला. गावात अंधार काही उशिरा पडत नाही, आला की आला. ऊस चांगला डोक्यावर गेला होता. रस्त्यावरून शकूचा आवाज आला, "काकू, आला व्हय? दळण आणलं व्हतं, पर आता गिरणी बंद असंल. उंद्या येते."

मी दारात उभी राहिले. बिबट्या गेलाय असं मुळीच नाही. कालच वरच्या वस्तीवर कुणाला तरी दिसला, असं यांनी येता येता ऐकलं होतं. मी बॅटरी घेतली, काठी घेतली. हे लगबगीनं चपला शोधायला लागले. "थांब, मी येतो."

"नको. तुम्ही इथंच दारात उभं राहून ऐका," मी म्हटलं आणि शकूला हाक मारली, "शकू, डबा घेऊन गिरणीपाशी थांब गं!"

उंबरा ओलांडला. काठी आपटली. "बे एके बे! बे दुणे चार!" टाकी आली. "बे पंचे दहा!" टाकी मागं पडली. ऊस सळसळला, तशी मी आणखी मोठ्यानं ओरडले. दारातून हे ओरडले, रस्त्यावरून हसत हसत शकूही ओरडायला लागली. "बे नव्वे अठरा" म्हणाले आणि बघते तर माझा हात गिरणीच्या कडीवर होता.

दीड वर्ष ज्या अंगणाला मी भीत होते, ते बेच्या पाढ्यालासुद्धा पुरलं नाही.